यादीत नसलेला ट्रान्झिस्टर

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तंत्रनिकेतनाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत गेलात, तर छोट्या छोट्या खणांच्या प्लास्टिकच्या डब्यात एक तीन पायांचा ट्रान्झिस्टर हमखास सापडतो. आकार बोटाच्या नखाएवढा, डोक्यावर धातूची टोपी, आणि टोपीच्या कडेला बाहेर आलेली बारीकशी जीभ. त्यावर लिहिलेलं असतं, एसएल १००. शेजारच्या खणात त्याचा जोडीदार, एसके १००. नाशिकमधल्या मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी ट्रान्झिस्टर म्हणजे काय, हे या टोपीवाल्याकडून शिकून घेतलं आहे.

आता तोच विद्यार्थी दुपारी संगणकाच्या खोलीत जातो. सर्किट काढण्याचं सॉफ्टवेअर उघडतो, शोधण्याच्या चौकटीत 'एसएल १००' टाइप करतो, आणि उत्तर येतं की असा भाग सापडला नाही. यादीत हजारो भाग आहेत, पण सकाळी हातात धरलेला हा एक नाही. मग शेजारचा मित्र सांगतो, "अरे, टू एन २२१९ घे, नाहीतर बीसी ५४७ घे, चालतं." तो घेतो. आलेख येतो, वहीत चिकटवला जातो, आणि खाली नाव लिहिलं जातं एसएल १००चं. वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे. शिकवणाऱ्यांना ते माहीत असतं, तपासणाऱ्यांनाही माहीत असतं.

ही यादी आली कुठून, ती कोणी भरली, आणि तिच्यात नसलेला भाग आपला आपण कसा घडवायचा, हा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो संगणकाचा वाटेल. पण त्याच्या मुळाशी थोडी छपाई आहे, थोडा व्यापार आहे आणि बरंचसं मोजमाप आहे.

छपाईपासूनच सुरुवात करू. नाशिकरोडला राहणाऱ्या माणसाला छपाईचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९२०च्या दशकापासून देशाची तिकिटं, मुद्रांक आणि नोटा तिथे छापल्या जात आल्या आहेत. आपण ज्याला पीसीबी म्हणतो, ती हिरवी पाटीसुद्धा छपाईचीच लेक. व्हिएन्नात जन्मलेले पॉल आइस्लर १९३६ साली लंडनला आले. तारा एकेक करून जोडण्याऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यावर सर्किट छापायचं आणि नको तेवढं तांबं रसायनाने खाऊन टाकायचं, ही कल्पना त्यांनी लावून धरली. त्यांना आसरा कोणी द्यावा? संगीताची स्वरलिपी छापणाऱ्या एका छापखान्याने. १९४३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. स्वरलिपीच्या पाच ओळी छापणाऱ्या लोकांना तांब्याच्या समांतर रेघा परक्या वाटल्या नसाव्यात.

आपल्याकडे ही पाटी बनवण्याची पद्धत पुढे कित्येक दशकं हातकामाचीच होती. पारदर्शक फिल्मवर, मूळ मापाच्या दुप्पट किंवा चौपट आकारात, काळ्या रंगाची अरुंद चिकटपट्टी लावून रेघा काढायच्या. जिथे भागाचा पाय यायचा, तिथे गोल काळी टिकली चिकटवायची. याला आर्टवर्क म्हणत. मग फोटो काढून ते लहान करायचं, जाळीच्या चौकटीतून म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगने तांब्यावर शाई उतरवायची आणि पाटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायची. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याच्या दृष्टीने लग्नपत्रिका काय आणि पीसीबी काय, जाळी तीच. हौशी मुलं तर घरी नेलपॉलिशने किंवा पक्क्या शाईच्या पेनने रेघा ओढत, आणि आईच्या भांड्याला तो पिवळसर तपकिरी डाग कायमचा बसे.

या जुन्या पद्धतीत 'यादीत नाही' असा प्रकारच नव्हता. समोर ट्रान्झिस्टर ठेवला, पट्टीने मोजला, टिकल्या चिकटवल्या, झालं. आकृती काढणारा कारागीर भाग हातात धरत असे. एसएल १०० त्याला कुठल्याही अमेरिकन ट्रान्झिस्टरइतकाच ओळखीचा होता, किंबहुना जास्तच. यादी आली ती संगणकाबरोबर. तिने काम विलक्षण सोपं केलं आणि भाग हातात धरण्याची गरज संपवली.

संगणकाचा धागा दोन बाजूंनी आला. एक बाजू पाटी काढण्याची, दुसरी सर्किटचं गणित सोडवण्याची. दुसरी आधी आली. १९६९-७० च्या सुमारास बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉन रोरर यांच्या वर्गातल्या मुलांनी सर्किटचं गणित करणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्या वर्गातले लॉरेन्स नेगल यांनी पुढे डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तो नव्याने घडवला. त्याचं नाव स्पाइस. १९७३च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या वॉटर्लू इथल्या परिषदेत तो जगासमोर आला. पेडरसन यांचा आग्रह असा की हा प्रोग्रॅम मागेल त्याला मिळाला पाहिजे. त्या आग्रहाचं फळ आपण आजही खातो आहोत. ते कसं, ते पुढे येईलच.

स्पाइसचा काळ पंच केलेल्या पत्त्यांचा होता. सर्किटमधल्या प्रत्येक भागासाठी एक पत्ता, एक ओळ. ओळीचं पहिलं अक्षर आर असेल तर रोधक, सी असेल तर कपॅसिटर, क्यू असेल तर ट्रान्झिस्टर. आणि ट्रान्झिस्टरचा स्वभाव सांगणारा वेगळा पत्ता, त्याला म्हणायचं मॉडेल. त्यात नुसते आकडे: प्रवाह किती पटीने वाढतो, गळती किती, वगैरे. पत्ते गेले, पण आजही जाणती मंडळी त्या ओळीला 'मॉडेल कार्ड' म्हणतात.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की स्पाइसला 'एसएल १००' हे नाव कळत नाही, तसं 'टू एन २२१९' हेही कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. नावापुढे आकडे कोणीतरी बसून भरलेले असतात. यादी म्हणजे एवढंच: कोणीतरी, कधीतरी, बसून भरलेली.

मग ती कोणी भरली? १९८०च्या दशकात टेबलावर मावणारे संगणक आले आणि पाटी काढण्याची सॉफ्टवेअरं बाजारात उतरली. अमेरिकेत ओरकॅड आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर प्रोटेल, दोन्ही १९८५च्या सुमाराची. १९८८ मध्ये जर्मनीत ईगल. प्रत्येकाने आपापल्या गिऱ्हाइकांना लागणारे भाग यादीत घातले. त्या यादीलाच लायब्ररी म्हणू लागले. गिऱ्हाईक अमेरिकेतलं आणि युरोपातलं, तेव्हा लायब्ररीही तिकडची. यात कोणाचा कट नव्हता. दुकानदार गल्लीतल्या लोकांना लागतो तोच माल ठेवतो, इतकंच.

इकडे आपली गल्ली निराळी होती. आयात अवघड, परकीय चलन दुर्मीळ. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६०च्या दशकात ट्रान्झिस्टर बनवायला घेतले. १९६४ मध्ये कॉन्टिनेन्टल डिव्हाइस इंडिया ही कंपनी उभी राहिली. देशात बनणारे, दुकानात परवडणाऱ्या दरात मिळणारे भागच प्रयोगशाळांनी भरले. एसएल १०० हा त्या जगातला. तो अर्ध्या अँपिअरपर्यंतचा प्रवाह पेलतो, धातूच्या टोपीमुळे उष्णता सोसतो, विद्यार्थ्याच्या धसमुसळेपणालाही पुरून उरतो. भारताबाहेरच्या पुस्तकांत तो जवळजवळ भेटत नाही. १९९०च्या दशकात आपल्या महाविद्यालयांत संगणक आले तेव्हा परदेशी लायब्ररी आणि देशी खण अशी ही गाठ पडली, आणि माघार घेतली ती खणाने.

यात बिघडलं काय, असं कोणी विचारेल. ट्रान्झिस्टर सगळे सारखेच ना? नाशिकच्या मातीतलं एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलाने द्राक्षबागेच्या ठिबकासाठी एक छोटं सर्किट योजलं. माती सुकली की १२ व्होल्टची झडप उघडायची. झडप ३०० मिलिअँपिअर प्रवाह घेते. मधे एसएल १००. त्याच्या बेसला किती प्रवाह द्यायचा, एवढाच प्रश्न. यादीत एसएल १०० नाही, म्हणून त्याने नुसतं 'एनपीएन ट्रान्झिस्टर' असं चिन्ह ठेवलं आणि मॉडेलमध्ये काहीच भरलं नाही. अशा वेळी स्पाइस गप्प बसत नाही, ते स्वतःच्या मनाचा आकडा घेतं. प्रवाहाची वाढ म्हणजे गेन १०० पट आहे असं धरून चालतं. मुलाने हिशेब केला: ३०० भागिले १००, म्हणजे ३ मिलिअँपिअर. पडद्यावर झडप उघडली. बागेत मात्र त्याच्या हाती आलेल्या एसएल १००चा गेन निघाला ५०. तीन गुणिले ५०, १५० मिलिअँपिअर. झडप कुरकुरली आणि मिटलेलीच राहिली.

उलट बाजूही तितकीच फसवी आहे. त्याने बीसी ५४७चं मॉडेल घेतलं असतं आणि त्यातून ३०० मिलिअँपिअर वाहवले असते, तरी पडद्यावर काही झालं नसतं. प्रत्यक्षात त्या बिचाऱ्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. संगणकातला ट्रान्झिस्टर जळत नाही, त्याचा धूर निघत नाही, वास येत नाही. ज्यांनी वासावरून भाग ओळखले आहेत त्यांना हे विशेष जाणवतं.

तेव्हा आपला भाग आपण बनवायला हवा. पण 'बनवायचा' म्हणजे काय? इथे नवशिके पहिल्याच पायरीवर अडखळतात, कारण त्यांना वाटतं की भाग ही एक वस्तू आहे. सॉफ्टवेअरमध्ये एका भागाची तीन रूपं असतात. पहिलं चिन्ह, जे आकृतीत दिसतं: गोलात रेघा आणि बाण. दुसरं फूटप्रिंट, म्हणजे पाऊलठसा, पाटीवर त्याचे पाय कुठे रोवायचे त्या भोकांची जागा. तिसरं मॉडेल, म्हणजे स्वभाव, ते मघाचे आकडे. चिन्ह डोळ्यासाठी, ठसा हातासाठी आणि मॉडेल गणितासाठी. तिघांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे पायांचे क्रमांक.

हे वेगळेपण सगळ्यात स्पष्ट दाखवलं ते कायकॅड या सॉफ्टवेअरने. फ्रान्समध्ये ग्रनोबल इथल्या तंत्रसंस्थेत शिकवणारे झाँ-पिएर शारा यांनी १९९२ साली ते सुरू केलं, आणि ते खुलं ठेवलं. जीनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या लोकांनी २०१०च्या दशकात त्याला मोठा हातभार लावला. त्यात चिन्हांची लायब्ररी वेगळी आणि ठशांची वेगळी. कुठल्या चिन्हाला कुठला ठसा द्यायचा हे तुम्ही ठरवायचं. सुरुवातीला मुलं वैतागतात. ईगलमध्ये तयार जोडी मिळायची, इथे लग्न आपणच जुळवायचं. मला स्वतःला ही वैताग आणणारी पद्धत शिकणाऱ्यासाठी अधिक बरी वाटते. चिन्हात नसलेली गोष्ट ठशात असते, हे एकदा हाताने केलं की विसरत नाही.

नवशिक्यांसाठीच म्हणून जे बनलं ते फ्रिट्झिंग. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात २००७ साली ते सुरू झालं, आणि मुख्यतः कलावंत आणि डिझायनर मंडळी डोळ्यांसमोर ठेवून. त्यात भागाचं आणखी एक रूप असतं: ब्रेडबोर्डवर तो जसा दिसतो तसं हुबेहूब चित्र. नवा भाग करायचा तर ही चित्रं तुम्ही चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायची. इथे एक खोडी लपलेली होती. एका इंचात किती ठिपके, यावर चित्रकलेच्या सॉफ्टवेअरांचं एकमत नव्हतं. कोणी ७२ धरी, इंकस्केप आधी ९० धरत असे आणि २०१७च्या आवृत्तीपासून ९६ धरू लागलं. पडद्यावर सुबक दिसणारा भाग पाटीवर काही टक्के लहान किंवा मोठा उतरे, आणि पाय भोकात जात नसत.

मापाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण खरी गोम इथेच आहे. चिपचे दोन रांगांतले पाय, ती झुरळासारखी दिसणारी रचना, १९६४ मध्ये अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीत जन्मली. दोन पायांमधलं अंतर ठरलं इंचाचा दहावा भाग. म्हणजे २.५४ मिलिमीटर. आपण तर १९५०च्या दशकातच मेट्रिक पद्धत स्वीकारलेली, मुलांची पट्टी सेंटिमीटरची. ती पट्टी लावली की दिसतं अडीच मिलिमीटर. अडीच आणि २.५४ यांत फरक तो काय, ०.०४. केसाएवढाही नाही. तीन पायांच्या भागात काही बिघडत नाही. पण आपल्या महाविद्यालयांची लाडकी ८०८५ घ्या. चाळीस पाय, एका रांगेत वीस, मधली अंतरं एकोणीस. एकोणीस गुणिले ०.०४, म्हणजे ०.७६ मिलिमीटर. शेवटचा पाय भोकाच्या काठावर येऊन उभा. म्हणून जुने शिक्षक सांगतात ते खरं: एक अंतर मोजू नका, पहिल्या पायापासून शेवटच्यापर्यंत मोजा आणि अंतरांच्या संख्येने भागा. शाळेत कागदाची जाडी मोजायला गठ्ठा मोजतात, तीच युक्ती.

आता मघाचा पेडरसन यांचा धागा. स्पाइस मागेल त्याला मिळालं, म्हणून त्याचे खुले वंशज निर्माण झाले. त्यातला एक एनजीस्पाइस. मुंबईच्या पवईतल्या आयआयटीमध्ये प्राध्यापक कन्नन मौद्गल्य आणि त्यांचे सहकारी यांच्या फॉसी प्रकल्पाने कायकॅड आणि एनजीस्पाइस यांची सांगड घालून एक भारतीय साधन उभं केलं. आधी त्याचं नाव फ्रीईडीए होतं, मग ऑसकॅड झालं, आता ईसिम. ऑसकॅडवर २०१३ मध्ये पुस्तकही निघालं. ते फुकट आहे, खुलं आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्यात स्वतःचं मॉडेल लिहिण्याची आणि बदलण्याची खिडकी मुद्दाम दिलेली आहे. अनेक भागांचा मिळून एक भाग करण्याचीही सोय आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगांची यादी घेऊन ते सगळे प्रयोग खुल्या साधनांत उतरवायचे, असाही उपक्रम फॉसीने चालवला. विद्यार्थी प्रयोग लिहून देतात, तपासले की ते सगळ्यांसाठी खुले होतात. म्हणजे लायब्ररी भरण्याचं काम अमेरिकेतल्या दुकानदाराकडून आपल्या बाकावर आलं.

याच गटाचा दुसरा प्रकल्प स्पोकन ट्यूटोरियलचा. केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक मोहिमेच्या पैशावर तो उभा राहिला. दहा-एक मिनिटांचे धडे, पडद्यावर इंग्रजीच, पण आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. ऐकायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं. गावाकडच्या मुलाची अडचण संगणकाच्या मेनूतल्या चार इंग्रजी शब्दांची नसते. ते शब्द का दाबायचे हे सांगणाऱ्या वाक्याची असते. ते वाक्य मराठीत आलं की पुरतं. मराठी विश्वकोशाने कपॅसिटरसाठी 'धारित्र' शब्द दिला, तो चांगलाच आहे. पण पंखा बंद पडला की सगळा नाशिक जिल्हा म्हणतो, "कंडेन्सर गेला." भागाला नाव कोणतंही द्या, पायांचे क्रमांक चुकले नाहीत म्हणजे झालं.

तर, एसएल १००. तो ईसिममध्ये किंवा कायकॅडमध्ये कसा घडवायचा? आधी विचारायचं, नेमकं काय नाही? चिन्ह आहे, एनपीएन ट्रान्झिस्टरचं चिन्ह जगभर एकच. ठसाही आहे, कारण ही धातूची टोपी म्हणजे टीओ ३९ नावाची जुनी जागतिक रचना. नाही ते फक्त मॉडेल, आणि पायांचा मेळ. म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी हाताशी असताना मुलं तिसरीपायी अख्खा ट्रान्झिस्टरच बदलत होती. १२ व्होल्टच्या रिलेचं नेमकं उलट असतं. त्याच्या स्वभावाचं काही अडत नाही, पण दुकानातून आणलेल्या चौकोनी डबीचे पाच पाय लायब्ररीतल्या ठशाशी जुळतीलच असं नाही. तिथे फूटप्रिंट काढावं लागतं. आणि स्थानिक कारागिराने गुंडाळून दिलेला ट्रान्सफॉर्मर असेल, तर तिन्ही रूपं आपणच करायची. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत, जिथे मोठ्या कंपन्यांसाठी तपासणीची यंत्रं आणि नियंत्रणाच्या पेट्या बनतात, हे रोजचं आहे. तिथे पाट्या लागतात दहा-वीस, आणि भाग निघतात जगावेगळे.

मॉडेलसाठी प्रयोगशाळेतच परत जायचं. दोन मल्टिमीटर घ्यायचे, एक बेसच्या वाटेत, एक कलेक्टरच्या. ज्या प्रवाहाला सर्किट चालणार आहे, त्याच प्रवाहाला मोजायचं; थोड्या प्रवाहाला मोजलेला गेन जास्त प्रवाहाला टिकत नाही. एक नव्हे, डब्यातले पाच-सहा एसएल १०० मोजायचे, कारण एकाच खणातल्या दोघांचे आकडे सारखे निघत नाहीत. त्यातला सर्वात कमी गेन मॉडेलमध्ये लिहायचा. सरासरी लिहिण्याचा मोह होतो, पण बागेतली झडप सरासरीवर उघडत नाही. एवढा एक आकडा बदलला तरी मघाचं द्राक्षबागेचं सर्किट पडद्यावरच अडेल, आणि अडायलाच हवं.

आता पाय. टीओ ३९चे तीन पाय सुमारे ५.०८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, काटकोनात उभे असतात. जिभेजवळचा एमिटर, मधला बेस, तिसरा कलेक्टर. कलेक्टर आतून टोपीलाच जोडलेला असतो, म्हणून टोपीचं सुमारे ९ मिलिमीटरचं वर्तुळ ठशावर काढून ठेवायचं; शेजारच्या भागाचा पाय टोपीला टेकला तर पंचाईत. कायकॅडमध्ये ट्रान्झिस्टरच्या चिन्हांची नावं पायांच्या क्रमावरून दिलेली असतात, त्यातलं एमिटर, बेस, कलेक्टर या क्रमाचं निवडायचं.

सर्वांत मोठा सापळा मात्र डेटाशीटमध्ये आहे. या धातूच्या ट्रान्झिस्टरांची आकृती जुन्या रिवाजाप्रमाणे खालून पाहिलेली असते, पाय आपल्याकडे करून. पाटीचा ठसा आपण काढतो वरून. नवखा मुलगा डेटाशीट जशीच्या तशी उतरवतो, आणि ठसा आरशातला होतो. बेस मधलाच राहतो, पण एमिटर आणि कलेक्टर जागा बदलतात. गंमत अशी की असा उलटा ट्रान्झिस्टर पूर्ण बंद पडत नाही. तो अगदी क्षीणपणे चालतो, आणि पाच-सात व्होल्टच्या पुढे दगा देतो. बंद पडला असता तर चूक लगेच सापडली असती. अर्धवट चालणाऱ्या सर्किटने मुलांच्या किती सुट्या खाल्ल्या असतील, देव जाणे.

कोणी म्हणेल, आजकाल आयते भाग उतरवून घेता येतात, मग ही यातायात कशाला? जरूर घ्यावेत. पण ते कोणी मोजले होते, वरून की खालून, हे त्या फायलीत लिहिलेलं नसतं. शिवाय दुसऱ्याच्या दुकानात ठेवलेल्या मालाचा भरवसा किती? ईगल २०१६ मध्ये ऑटोडेस्क कंपनीकडे गेलं, आणि जून २०२६ नंतर त्याची विक्री आणि मदत बंद होणार असल्याचं कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यात आपापले भाग काढून ठेवले होते, त्यांच्यापुढे ते सगळं दुसरीकडे हलवण्याचं काम उभं राहिलं. सुदैवाने ईगलच्या फायली पुढे वाचता येण्याजोग्या मजकुराच्या होत्या आणि कायकॅड त्या उघडू शकतं, म्हणून निभावलं.

ठसा काढून झाला की पाटी बनवायला टाकण्याआधी तो साध्या कागदावर मूळ मापात छापायचा. प्रिंटरच्या चौकटीत शंभर टक्के असं लिहिलेलं आहे ना, ते पाहायचं, नाहीतर प्रिंटर आपल्या मनाने कागदाला बसवतो. कागद थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवायचा आणि हातातला एसएल १०० वरून त्यात खुपसायचा. तिन्ही पाय तिन्ही ठिपक्यांतून गेले, आणि टोपीची जीभ कागदावरच्या जिभेवर आली, की त्या कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाकायची, किती ट्रान्झिस्टर मोजले आणि सर्वात कमी गेन किती आला ते लिहायचं, 'वरून पाहिलेला' असे दोन शब्द लिहायचे, आणि तो कागद त्या प्लास्टिकच्या डब्यात, एसएल १००च्याच खणात, घडी घालून ठेवून द्यायचा. पुढच्या वर्षीचा मुलगा तिथेच हात घालणार आहे.